जिथे रेंज नाही तिथलं भाडं

फोंडा शहराला रेल्वे स्टेशन नाही. मुंबईची गाडी धरायची तर बाणस्तारीचा पूल ओलांडून जुन्या गोव्याजवळच्या करमळीला जायचं, नाहीतर बोरीच्या पुलावरून मडगाव गाठायचं. दोन्हीकडे अंतर साधारण 20 किलोमीटर. डिचोलीच्या माणसाचीही तीच गत, त्याला थिवी जवळची. पेडण्याला मात्र स्वतःचं स्टेशन आहे. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या, माणसाचा रेल्वेप्रवास असा बसच्या पायरीवर सुरू होतो आणि त्या प्रवासाचं पहिलं भाडं कंडक्टरच्या हातात पडतं. बँकेचं कार्ड यंत्राला टेकवून गाडीत बसण्याची चर्चा आजवर मेट्रोच्या शहरांनी केली. ती फोंड्याच्या बसस्टँडवरूनही व्हायला हवी, कारण या कार्डातला सर्वांत उपयोगी गुण मेट्रोपेक्षा आमच्या रस्त्यांवर जास्त कामाचा आहे.

4 मार्च 2019 रोजी अहमदाबादेत पंतप्रधानांच्या हस्ते नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजेच एनसीएमसी, सुरू झालं. तोवर प्रत्येक मेट्रोचं कार्ड निराळं होतं, एका शहरातलं दुसऱ्या शहरात चालत नसे. गेट आणि त्यामागची यंत्रणाही बहुतेक परदेशी. नव्या योजनेसाठी एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने रुपे कार्डाची खास रचना ठरवली. सी-डॅक आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांच्या कामातून ‘स्वागत’ नावाचं गेट आणि ‘स्वीकार’ नावाची भाडं घेणारी स्वयंचलित यंत्रणा देशातच तयार झाली. मेट्रो, बस, टोल, पार्किंग, दुकान, सगळीकडे एकच कार्ड चालावं ही कल्पना.

या कार्डात पैशांचे दोन कप्पे असतात. एक नेहमीचा, बँकेच्या खात्याशी जोडलेला. दुसरा खुद्द चिपमध्ये, कमाल 2,000 रुपयांचा. प्रवासाला हा दुसरा कप्पा लागतो. पुणे मेट्रोत वनाजला गेटवर कार्ड टेकवलं की आत शिरल्याचं स्टेशन चिपवर नोंदलं जातं. सिव्हिल कोर्टला बाहेर पडताना यंत्र ते वाचतं, भाडं काढतं, चिपमधली शिल्लक कमी करून नवा आकडा लिहितं आणि झडप उघडतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होतं. या वेळात गेट बँकेला काहीच विचारत नाही. पैसे कार्डातच असल्यामुळे विचारायची गरजच पडत नाही.

लंडनने वेगळी वाट धरली. तिथलं ऑयस्टर कार्ड 2003चं, चिपमध्ये शिल्लक ठेवणारं. हाँगकाँगचं ऑक्टोपस त्याआधीचं, 1997चं. पुढे डिसेंबर 2012मध्ये लंडनच्या बसमध्ये आणि 16 सप्टेंबर 2014पासून भुयारी रेल्वेत साधं बँक कार्ड चालू लागलं. तिथलं गेट फक्त दोन गोष्टी पाहतं, कार्ड खरं आहे ना आणि ते अडवलेल्या कार्डांच्या यादीत नाही ना. दिवसभराच्या फेऱ्या मागे नोंदल्या जातात, हिशेब नंतर होतो आणि दिवसाच्या ठरलेल्या कमाल रकमेपलीकडे भाडं जात नाही. प्रवाशाला आधी पैसे भरून ठेवावे लागत नाहीत, कुठला पास स्वस्त पडेल याचं गणितही करावं लागत नाही. प्रवाशाच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे, यात शंका नाही. पण तिच्यामागे प्रत्येकाकडे बँकेचं चालू कार्ड हवं आणि कंपनीने एका दिवसापुरती उधारी सोसायची तयारी हवी.

आता सकाळी फोंड्याहून पणजीकडे निघालेल्या बसमध्ये चला. उभं राहायला जागा नाही. कंडक्टर बोटांच्या बेचक्यात उभ्या घडीच्या नोटा धरून ‘फुडें सरात’ करत मागे-पुढे वाट काढतोय. फर्मागुडीला उतरणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी एका हाताने वरचा दांडा धरून दुसऱ्या हाताने फोनवर क्यूआर स्कॅन करतो. पडद्यावर चकती फिरत राहते. थांबा येतो, मागचे लोक ढकलायला लागतात, चकती फिरतेच आहे. शेवटी खिशातून दहाची नोट निघते किंवा ‘उद्या देतो’ म्हणावं लागतं. त्याच बसमध्ये मंगेशीला निघालेल्या आजीकडे फोन साधा आहे आणि शाळेच्या मुलीकडे फोनच नाही. यूपीआयने गोव्यातल्या भुसारी दुकानापासून मासळी बाजारापर्यंत मोठी सोय केली, हे खरं. पण यूपीआयला त्या क्षणी रेंज लागते, फोनला चार्जिंग लागतं आणि दोन्ही हात मोकळे लागतात. चिपमधल्या पैशांना यातलं काहीच लागत नाही. कंडक्टरच्या हातातलं यंत्र दिवसभर कार्डं वाचून व्यवहार साठवू शकतं आणि रेंज आली की किंवा डेपोत पोचलं की पुढे पाठवू शकतं. सत्तरीच्या रानातल्या रस्त्यांसाठी, कोकण रेल्वेच्या बोगद्या-बोगद्यांच्या वाटेसाठी याहून योग्य रचना मला दिसत नाही.

पेडण्याचं नाव निघालं की बोगदा आठवतोच. तिथल्या मऊ, पाणी धरणाऱ्या मातीने कोकण रेल्वेला सर्वांत जास्त छळलं. काम पुनःपुन्हा ढासळलं आणि 1998मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सगळा मार्ग खुला होण्यापूर्वीच्या शेवटच्या अडथळ्यांपैकी तो एक ठरला. जुलै 2024मध्ये याच बोगद्यात पाणी आणि चिखल आल्याने गाड्या खोळंबल्या होत्या. अशा मुलखात भाडं घेण्याची व्यवस्था मोबाइलच्या मनोऱ्यावर टांगून ठेवणं मला पटत नाही.

कार्डाची दुखणीही आहेत. सर्वांत मोठं पैसे भरण्याचं. ऑनलाइन भरलेली रक्कम लगेच चिपमध्ये जात नाही. ती वाट पाहत राहते आणि कार्ड एखाद्या यंत्राला टेकवल्यावरच चिपवर लिहिली जाते. मेट्रोच्या स्टेशनवर असं यंत्र समोरच असतं, गावच्या नाक्यावर ते कुठून यायचं? दुसरं, कार्ड हरवलं तर चिपमधले पैसे गेले. खात्यातले अडवता येतात, हे नाही. तिसरं दुखणं देशाने 2024मध्ये पाहिलं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानंतर पेटीएम पेमेंट्स बँकेच्या वॉलेट आणि फास्टॅगबरोबर तिच्या एनसीएमसी कार्डांतही 15 मार्चनंतर नवे पैसे भरता येईनात. होती ती शिल्लक वापरता आली, पण कार्ड पुढे चालवायचं तर दुसरं घेणं भाग होतं. त्याच वर्षी 23 फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने एक चांगली सूटही दिली. केवळ सार्वजनिक वाहतुकीसाठीचं, जास्तीत जास्त 3,000 रुपयांचं कार्ड केवायसीशिवाय देता येईल, असं ठरलं. वरच्या बसमधल्या आजीला आणि शाळेच्या मुलीला उपयोगी पडेल ती ही सूट, आणि तिची चर्चा आपल्याकडे फार कमी झाली.

रेल्वेचं काय? मुंबईत 19 जानेवारी 2023 रोजी मेट्रो 2अ आणि 7च्या नव्या टप्प्यांबरोबर ‘मुंबई 1’ कार्ड आलं. पुण्यात ‘एक पुणे’ कार्ड आहे. शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलं ही कार्डं रोज वापरतात. सुट्टीत करमळीला उतरली की त्यांच्या खिशातलं तेच कार्ड निरुपयोगी होतं. मुंबईच्या लोकललाही ते चालत नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेस्ट आणि लोकल दोन्हींसाठी ‘गो मुंबई’ नावाचं कार्ड निघालं होतं, ते टिकलं नाही. रेल्वेची अडचण समजण्यासारखी आहे. मेट्रोला आत-बाहेर जायला गेट असतं, आमची स्टेशनं चारी बाजूंनी उघडी. पण गेट नाही म्हणून कार्ड नाही, हे उत्तर पुरं पडत नाही. लंडनच्या डॉकलँड्स लाइट रेल्वेच्या बहुतेक स्टेशनांवर गेट नाहीत. फलाटावर नुसते खांब आहेत, त्यांना जाता-येता कार्ड टेकवायचं आणि तपासनीस हातातल्या यंत्रावर ते पाहतो. वास्को-कुळे मार्गावर किंवा पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या लहान स्टेशनांवर तशा खांबांचा खर्च गेटच्या मानाने किरकोळ असेल.

तरी सुरुवात बसपासून व्हावी असं मला वाटतं. गोव्याच्या सरकारी बस चालवणारं कदंब महामंडळ 1980पासून आहे, पणजी-मडगावसारख्या शटलला खिडकीवर आधी तिकीट काढूनच बसण्याची गोव्याला सवय आहे. त्याच खिडकीवर कार्डात रोख पैसे भरून चिपवर लगेच लिहून मिळाले, तर वर सांगितलेलं पहिलं दुखणं बऱ्याच अंशी मिटतं. अडचण खासगी बसची. गोव्यातल्या बहुतांश बस त्याच, आणि त्यांत कित्येकदा तिकीटही हाती पडत नाही. मालकाला यंत्राचा खर्च आणि दिवसाचा गल्ला रोखीत मिळण्याची सवय, दोन्ही सोडवत नाहीत. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, डिझेल त्याला रोज संध्याकाळी भरायचं असतं. कार्डाचे पैसे त्याच दिवशी खात्यात जमा होण्याची हमी आणि यंत्र सरकारी खर्चाने, एवढं दिल्याशिवाय तो वळणार नाही. आणि कार्ड आल्यावरही नोट नाकारण्याची मुभा कुठल्याही कंडक्टरला असू नये, ही अट परवान्यातच लिहिलेली हवी.