बावन्न आठवड्यांची पुण्याई

आपला नंबर कितवा, हे जाणून घेण्याची माणसाला मोठी हौस. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून ती सुरू होते आणि नोकरीतल्या सेवाज्येष्ठतेच्या यादीपर्यंत पाठ सोडीत नाही. पण धंदेवाईक टेनिसपटूच्या वाट्याला येणारा नंबर काही निराळाच. तो बहुधा दर सोमवारी नव्याने लागतो!

पूर्वी हा कारभार बराच सैल होता. वर्तमानपत्रांतले जाणकार लेखक आपापल्या पसंतीच्या याद्या करीत. आपले रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले, तेव्हा जगात त्यांचे स्थान कितवे हा चर्चेचा विषय होता, हिशेबाचा नव्हे. पुढे २३ ऑगस्ट १९७३ रोजी पुरुषांची पहिली संगणकीय क्रमवारी निघाली आणि रुमानियाचा इली नस्तासे तीत पहिला आला. त्या दिवसापासून मत मागे सरले आणि अंक गादीवर बसला.

ह्या हिशेबातली मेख मोठी मार्मिक आहे. चार मोठ्या स्पर्धांपैकी एखादी जिंकली की २००० गुण मिळतात. पण ते टिकतात बावन्न आठवडे. पुढल्या वर्षी तीच स्पर्धा आली की जुने गुण वजा! पुण्य सरले की स्वर्गातूनही खाली यावे लागते, असे आपल्याकडे म्हणतात. येथे तर पुण्याची मुदतच आधी ठरलेली. २०२२ साली रशिया व बेलारूसच्या खेळाडूंना विम्बल्डनने मज्जाव केला, म्हणून त्या वर्षी स्पर्धेला गुणच देण्यात आले नाहीत. नोव्हाक जोकोविच ती स्पर्धा जिंकला, आणि आदल्या वर्षीचे २००० गुण गेल्यामुळे तिसऱ्या क्रमांकावरून सातव्यावर घसरला! जिंकून खाली येण्याचा हा प्रकार पाहून चित्रगुप्तानेही वही मिटली असती.

माझ्या भाच्याच्या संगणकावर ह्याच जगाची एक प्रतिसृष्टी नांदते. त्या खेळात रॅकेट हाती धरावयाची नसते. खेळाडू सांभाळावयाचे असतात. आठवडा मिनिटात सरतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत दहा-पंधरा वर्षे सहज उलटतात. प्रत्येकाची चपळाई, सर्व्हिस, दमसास, सारे आकड्यांत मांडलेले. विशीत आकडे चढतात, तिशीनंतर उतरू लागतात. दरसाल यंत्र नवी पोरे जन्माला घालते आणि जुनी नावे यादीतून मुकाट्याने नाहीशी होतात. परवा त्याने आपला एक जुना खेळाडू काढून टाकला.

“अरे, ह्यानेच तुला दोन मोठ्या स्पर्धा जिंकून दिल्या ना?” मी विचारले.

“मामा, ते दोन वर्षांपूर्वी. आता तो बत्तिशीचा झाला. आकडे उतरणारच.”

स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, “मग आजोबांचेही आकडे बघून ठेव हो एकदा!”

पोरगा हसला, पण काही वेळ पडद्यावरचा त्याचा हात थांबला खरा.

तसे पाहिले तर त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. जुने गुण कायम राहते, तर नव्यांना दार कधी उघडले असते? रॉजर फेडरर २००४ च्या फेब्रुवारीत पहिला झाला तो सलग २३७ आठवडे तेथेच होता. जोकोविचचे त्या स्थानावरचे एकूण आठवडे भरतात ४२८. एवढ्या थोर सावलीत रोप वाढावे कसे? तरी १२ सप्टेंबर २०२२ रोजी कार्लोस अल्काराझ हा एकोणीस वर्षांचा मुलगा पहिला झाला. पुरुषांत इतक्या लहान वयात आजवर कोणी झाला नव्हता. २०२३ च्या विम्बल्डनला त्याने आपल्याहून सोळा वर्षांनी वडील असलेल्या जोकोविचला पाच सेटांत हरविले. पुढे २०२४ आणि २०२५ ह्या दोन वर्षांतल्या आठही मोठ्या स्पर्धा त्याने आणि इटलीच्या यानिक सिनरने चार-चार वाटून घेतल्या. पिढी बदलली ती अशी. कोणी मेहेरबानी केली म्हणून नव्हे.

मात्र जितीजागती माणसे यंत्राच्या तक्त्याप्रमाणे म्हातारी होत नाहीत, हेही तितकेच खरे. फेडरर २०१८ साली छत्तिसाव्या वर्षी पुन्हा पहिला झाला. आपला रोहन बोपण्णा जानेवारी २०२४ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी दुहेरीत प्रथमच अव्वल ठरला. भाच्याच्या खेळात तो केव्हाच यादीबाहेर गेला असता!

आणि ४ ऑगस्ट २०२४ चा तो पॅरिसचा सामना! ऑलिंपिकचे सुवर्णपदक जोकोविचला तोवर कधीच मिळाले नव्हते. सदतिसाव्या वर्षी त्याने अंतिम सामन्यात अल्काराझला दोन्ही सेट टायब्रेकरमध्ये हरविले आणि तो लहान मुलासारखा रडला. त्या विजयाबद्दल क्रमवारीत त्याला गुण किती मिळाले? एकही नाही! ऑलिंपिकला हल्ली क्रमवारीचे गुणच नसतात.

मराठीत मानांकन असा एक शब्द आहे. त्यात मान आहे आणि अंकही आहे. अंकाची मुदत बावन्न आठवड्यांची असेल, असावीही. त्यावाचून नव्यांना जागा होणार नाही. मानाला मात्र तो नियम लावू नये, एवढे घराघरांतून सांभाळले तरी पुष्कळ झाले.