विश्लेषण : इंग्रजी बैठकीत ‘पटत नाही’ कसे सांगायचे?

कळमनुरीच्या तहसील कार्यालयातली बैठक मराठीत होते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार ते अपेक्षितच आहे. बाजारातला वाद मराठीत सुरू होतो आणि रंगलाच तर दखनी हिंदीत जातो. त्यामुळे तालुक्यात राहून काम करणाऱ्याला इंग्रजीत मतभेद मांडण्याची वेळ क्वचितच येते. ती येते पुणे, हैदराबाद, बंगळूरुला नोकरीला गेल्यावर, किंवा घरच्या माडीवर लॅपटॉप उघडून परराज्यातल्या, परदेशातल्या सहकाऱ्यांशी कॉलवर बोलताना. शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा उभी राहणार आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकी सहकार्याच्या या प्रकल्पामुळे इंग्रजी बैठका जिल्ह्याच्या दारापर्यंत आल्या आहेत.

इंग्रजी येते, मग अडते कुठे?

राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवायला २००० मध्ये सुरुवात झाली. त्या पिढीला ईमेल वाचता येतो, सादरीकरण करता येते. अडते ते वाद घालताना. ‘साहेब, तुमचा आकडा चुकतोय’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात नसते. मग दोनच गोष्टी घडतात. एक तर माणूस ‘नो, यू आर राँग’ म्हणून मोकळा होतो आणि उद्धट ठरतो, नाही तर गप्प बसतो. दुसरे जास्त महागात पडते. काम दोन आठवड्यांत होणार नाही हे ज्याला नेमके माहीत आहे तोच बोलत नाही, त्याचे मौन इतिवृत्तात संमती म्हणून जाते आणि मुदत हुकल्यावर जाब त्यालाच विचारला जातो.

मराठीतली नरमाई इंग्रजीत कुठे जाते?

मराठी माणूस आपल्या भाषेत उद्धट नसतो. ‘अहो, तसं नाही ना ते’ या वाक्यात विरोध पूर्ण आहे, पण ‘अहो’ने मान राखला आणि ‘ना’ने धार बोथट केली. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ असे तीन जिने मराठीत आहेत. इंग्रजीत शिपायापासून संचालकापर्यंत सगळ्यांना एकच ‘यू’. वाक्य शब्दाला शब्द लावून उलथवले की अहो, ना, हो, बरं का हे सगळे गळते आणि मागे उरते ते नुसते ‘नो’.

इंग्रजी तीच नरमाई क्रियापदात ठेवते. ‘कुड’ हा ‘कॅन’चा भूतकाळ, असे शाळेत शिकवतात. बैठकीत त्याचा भूतकाळाशी काही संबंध नसतो. ‘कॅन वी चेक?’ ऐवजी ‘कुड वी चेक?’ म्हटले की तेच काम होते जे ‘बघता का’ ऐवजी ‘बघू या का जरा’ म्हटल्याने होते. ‘वुड’ आणि ‘माइट’ हेही याच कामाचे. पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाभ्यासकांनी १९७८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणसे बोलताना एकमेकांचा ‘फेस’, म्हणजे समोरच्याचा मान सांभाळत असतात. त्यांनी इंग्रजीबरोबर तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल या भाषा अभ्यासल्या होत्या. मान राखण्याची गरज सगळीकडे सारखीच. साधने मात्र भाषेगणिक वेगळी.

या भागाला हे नवीनही नाही. १९४८ पर्यंत कळमनुरी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि कचेरीची भाषा उर्दू होती. घरी मराठी बोलणाऱ्यांना वरिष्ठांपुढे मतभेद मांडायचा तो परक्या भाषेच्या अदबीत. हरकत, हुज्जत, मुद्दा हे वादाचे नेहमीचे मराठी शब्दही अरबी-फारसीतूनच आलेले आहेत.

कोणती वाक्ये उपयोगी पडतात?

मराठीत जे आधीच आहे त्याचा नेमका जोडीदार शोधणे सगळ्यात सोपे. ‘मला पटत नाही’ या वाक्याची रचनाच सौम्य आहे: दोष समोरच्याचा नाही, गोष्ट मला पटलेली नाही. ‘आय डोन्ट अॅग्री’ त्याहून कडक लागते. जवळचे वाक्य आहे ‘आय अॅम नॉट फुली कन्व्हिन्स्ड येट’, म्हणजे ‘मला अजून पूर्ण पटलेलं नाही’. यातला ‘येट’ मोलाचा, कारण तो दार उघडे ठेवतो.

‘असं केलं तर?’ यासाठी ‘व्हॉट इफ वी...’ आहे. ‘तुम्ही असं का केलं?’ हे मराठीत आदरार्थी बहुवचनामुळे चालून जाते, पण ‘व्हाय डिड यू डू धिस?’ हा थेट जाब होतो. त्याऐवजी ‘कुड यू वॉक मी थ्रू द थिंकिंग?’ विचारले की उत्तरही मोकळे मिळते. ‘यू आर राइट, बट...’मध्ये ‘बट’ आला की आधीचे कौतुक पुसले जाते, आणि ऐकणारा त्याचीच वाट पाहत असतो. ‘आय सी द पॉइंट अबाऊट कॉस्ट, माय वरी इज द डेट’ असे नेमके नाव घेऊन सांगणे बरे. आणि बोलायला जागाच मिळत नसेल तर ‘कॅन आय कम इन हिअर?’ हे चार-पाच शब्द पाठ असलेले बरे. मतभेदाची निम्मी लढाई जागा मिळवण्याचीच असते.

काही शब्द घात करतात. ‘आय हॅव अ डाऊट’ म्हणजे आपल्याकडे ‘मला एक शंका आहे’. ब्रिटिश वा अमेरिकी कानाला ते ‘माझा विश्वास नाही’ असे लागते. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ आदरार्थी वाटते, पण पुढे ठोसा येणार याची ती सूचना असते.

इंग्रजी मायबोली असलेलेही यात फसले आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, म्हणून त्यांनी तो ‘टेबल’ करू म्हटले. अमेरिकी इंग्रजीत ‘टेबल’ करणे म्हणजे बाजूला ठेवणे. अमेरिकींनाही तो चर्चेलाच हवा होता, तरी दोन्ही बाजू बराच वेळ कडाक्याने भांडल्या. चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मरणात हा किस्सा नोंदवला आहे. ‘वेन यू से धिस, डू यू मीन...?’ हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर भांडण तिथेच मिटले असते.

फार सौम्य बोलणे धोक्याचे का?

२५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या अॅव्हिएन्का कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्ककडे जाताना वाटेत एकूण तासाहून अधिक काळ घिरट्या घालत होते. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी इंग्रजीत सांगितले, प्राधान्यही मागितले. पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. नियंत्रकांना निकड कळली नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळले आणि १५८ पैकी ७३ जण मरण पावले. कार्यालयात एवढे पणाला लागत नाही, तरी सुरक्षितता, पैसा वा कायद्याचा प्रश्न असेल तिथे ‘माइट’ आणि ‘परहॅप्स’ बाजूला ठेवून ‘आय कान्ट सपोर्ट धिस, अँड हिअर इज व्हाय’ असेच म्हणायला हवे. शब्द थोडे, कारण लगेच.

वाद मिटतो कसा?

मधला मार्ग म्हणजे दोघांनी थोडे थोडे सोडणे, असे सहसा धरले जाते. अमेरिकी विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ च्या व्याख्यानात वेगळे उदाहरण दिले. हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेट यांना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्या व्यक्तीला मोकळी हवा हवी होती आणि फॉलेट यांना अंगावर वारा नको होता. खिडकीचा आग्रह दोघांचाही नव्हता. हे काढून घेणारा प्रश्न इंग्रजीत छोटासाच आहे : ‘व्हॉट मॅटर्स मोस्ट टू यू हिअर?’

बैठकीत धीर झालाच नाही तर त्याच दिवशी तीन ओळींचा ईमेल पाठवता येतो : काय ठरले, कोणत्या मुद्द्यावर आपली हरकत आहे, पर्याय काय. लिहिताना उच्चाराची भीती नसते, शब्द तपासायला वेळ मिळतो आणि तारखेसह नोंद राहते. तो इतिवृत्त मंजूर होण्याआधी पोहोचला पाहिजे, एवढेच.