कचेरीतील आरोग्य कोणासाठी?

आमच्या धाकट्या सूनबाईंच्या कचेरीत नोकरवर्गासाठी आरोग्ययोजना काढण्याचे ठरले व ती आखण्याचे काम त्यांजकडे आले. "मामंजी, एखादे चांगलेसे संस्कृत नाव सुचवा ना," असे म्हणून त्यांनी टिपण आमच्यापुढे ठेवले. सकाळचा योगवर्ग, रक्ततपासणी, पावले मोजण्याची चढाओढ व जिंकणारास बक्षीस, अशी त्यात कलमे होती. आम्ही एवढेच विचारले, "येणार कोण?"

प्रश्न अनुभवातून आला होता. आमच्या शाळेत शिक्षकांसाठी पहाटे सूर्यनमस्कारांचा वर्ग आम्ही चार वर्षे चालविला. येत ते मुळातच काटक. मधुमेही मंडळी फिरकत नसत. तरी वर्गामुळे प्रकृती सुधारल्याचे आम्ही वार्षिक वृत्तांतात अभिमानाने लिहीत असू! आमच्याकरिता पाचाला कुलूप काढणारा व रात्री आठाला ते लावणारा शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन ओट्यावर बसून राही. त्याला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा कोठे आमच्या ध्यानात आले की, त्याची तासाभराची झोप आम्हीच हिरावून घेतली होती.

हा भ्रम केवळ आमचाच नव्हे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ साली ४,८३४ नोकरांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडून एकालाच अशी योजना देऊ केली. येणारांची न येणारांशी तुलना केली तर योजना गुणकारी भासे. कारण निरोगी माणसेच अधिक येत. पण गटाची गटाशी तुलना करता दोन वर्षांनंतरही वजन, रक्तदाब वा औषधोपचाराचा खर्च यांत लक्षणीय अंतर आढळले नाही.

मग प्रकृती बिघडते कशाने? लंडनमधील सरकारी नोकरांची पाहणी १९६७ पासून झाली. तीत सर्वांत खालच्या श्रेणीतील, म्हणजे मुख्यतः निरोप्ये-शिपाई मंडळींत, हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठांच्या तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणांनी या अंतराचा थोडाच भाग उलगडला. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत, आपल्या कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा कमी, त्यांना हा विकार अधिक जडतो, असे दिसले. 'स्वस्थ' म्हणजे आपल्या ठायी स्थित असलेला, हा विग्रह आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला. पण किल्ल्या सांभाळीत ओट्यावर बसलेल्या त्या गृहस्थाशी त्याची सांगड घालण्याचे आम्हांस कधी सुचले नाही.

सूनबाईंनी टिपण बाजूस ठेवले व रात्रपाळीच्या लोकांना व पहारेकऱ्यांना गाठून काय हवे ते विचारले. योगवर्ग एकानेही मागितला नाही. पाळीचा तक्ता पंधरा दिवस आधी लागावा, रात्री दोनला ऊन जेवण मिळावे आणि फाटकापाशी बसावयास खुर्ची असावी, एवढेच मागणे निघाले. खुर्ची दुसऱ्याच दिवशी आली. जेवणाची सोय होत आहे. तक्त्याचे मात्र वरिष्ठांना पटत नाही. खर्च नसलेली हीच गोष्ट त्यांना सर्वांत जड का वाटावी, कोण जाणे! सूनबाई पुन्हा त्यांना भेटणार आहेत. नावाचे तेवढे राहून गेले.