आगाखान महाल: आधी राजवाडा, मग तुरुंग, आता बांची समाधी



बचत गटाची सहल ठरवायची म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव देवाचं निघतं. आळंदी, देहू, जेजुरी. यंदा आम्हीही आळंदीला निघालो होतो. पण त्याच वाटेवर पुण्यातला आगाखान महाल बघायचा, असं बैठकीत ठरत होतं आणि लगेच एकीने विचारलं, "राजाचा वाडा बघून आपल्याला काय मिळणार? वर तिकिटाचे पैसे." प्रश्न रास्त होता. गटाचा पैसा म्हणजे घामाचा पैसा. आम्ही जाऊन आलो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर आजच्या गप्पांमधून तुम्हाला देणार आहोत.

हा महाल पुण्यात नगर रस्त्यावर, येरवड्याजवळ आहे. फाटकातून आत गेलं की रस्त्याचा गोंगाट मागे पडतो. मोठमोठी जुनी झाडं, हिरवळ, फुलांचे वाफे आणि मधोमध कमानींची भव्य इमारत. सगळी जागा एकोणीस एकर आहे. एकराचा हिशेब आपल्याला कुणी समजावून द्यावा लागत नाही. त्यातल्या सुमारे सात एकरांत बांधकाम आणि बाकी सगळी बाग. चारी बाजूंनी एवढे रुंद व्हरांडे आहेत, की एका व्हरांड्यात आपल्या गावची अख्खी पंगत बसेल.

आगाखान म्हणजे इस्माइली मुस्लिम समाजाचे धर्मगुरू. त्यांचं स्वतःचं राज्य नव्हतं, पण त्यांना मान मात्र राजाचा होता. तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी १८९२ साली हा महाल बांधायला घेतला. का, ते ऐका. त्या काळात आजूबाजूच्या गावांत दुष्काळ होता. लोकांच्या हाताला काम नव्हतं. त्यांना मजुरी मिळावी म्हणून हे बांधकाम काढलं, असं तिथे सांगतात. पाच वर्षं काम चाललं आणि बारा लाख रुपये लागले.

हे ऐकल्यावर आमच्यातल्या वयस्कर बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना दुष्काळी काम म्हणजे काय ते ठाऊक आहे. उन्हात बसून खडी फोडायची, पाटीने माती वाहायची, लेकरू झाडाखाली झोळीत टाकायचं आणि सुकडी मिळाली की पदरात बांधून घरी न्यायची. त्या कामांतून आपल्या भागात रस्ते झाले, पाझर तलाव झाले. त्यांचं पाणी अजून आपल्या विहिरींना लागतं. महालाच्या भिंती ज्यांनी उभ्या केल्या, त्यांना काम संपल्यावर त्या भिंतींच्या आत कोण येऊ देणार होतं? म्हणून कुठलाही राजवाडा बघताना कमानी जरूर बघा, पण दगड वाहणारे हातही आठवा.

आता या महालाची दुसरी गोष्ट. राहण्यासाठी बांधलेल्या या वाड्याचा इंग्रज सरकारने तुरुंग केला.

९ ऑगस्ट १९४२. आदल्याच दिवशी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला होता. पहाटेच सरकारने गांधीजींना पकडून या महालात आणलं. त्याच संध्याकाळी मुंबईत शिवाजी पार्कवर सभा होती. तिथे कस्तुरबा बोलणार होत्या. सत्तरी ओलांडलेली, तब्येतीने खचलेली बाई सभेला निघाली, म्हणून सरकारने तिलाही अटक केली आणि दोन दिवसांनी इथेच आणून ठेवलं. सरोजिनी नायडू, मीराबेन, डॉक्टर सुशीला नय्यर आणि गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई हेही इथे कैदेत होते.

तुम्ही म्हणाल, महालातली कैद ती काय कैद! आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण मैत्रिणींनो, भोवती पहारा असला आणि दाराबाहेर पाऊल टाकायची बंदी असली, की झोपडी काय आणि महाल काय. आपल्यातल्या काहीजणींना हे जास्त सांगायला नको. आत येऊन सहाच दिवस झाले होते, तोच १५ ऑगस्टला महादेवभाई हृदयविकाराने गेले. त्यांचं वय होतं पन्नास. त्यांना बागेच्या कोपऱ्यातच अग्नी दिला. गांधीजी रोज तिथे फुलं वाहायला जात. पुढे त्यांनीच सरकारला लिहून कळवलं, की माझ्यासाठी एवढी मोठी जागा आणि एवढा पहारा ठेवणं म्हणजे जनतेच्या पैशाची नासाडी आहे, मला साध्या तुरुंगात हलवा.

महालाच्या काही खोल्या आता बघता येतात. जिथे सगळे राहत त्या खोल्यांत वापरातल्या साध्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. एवढ्या उंच छताखाली एवढं थोडं सामान! आमच्यातली एक म्हणाली, "आपल्या माळ्यावर याच्यापेक्षा जास्त भांडी आहेत."

या कैदेत कस्तुरबा काय करत होत्या, ते नीट ऐका. त्या शिकत होत्या. बांचं लग्न तेराव्या-चौदाव्या वर्षी झालं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. लिहिणं-वाचणं पुढे थोडंफार जमलं, तेही अडखळत. इथे मात्र गांधीजी त्यांना रोज शिकवायला बसत. गुजराती वाचन, भूगोल, पंजाबातल्या नद्यांची नावं. पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी विसरायचं, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ७३-७४ वर्षांच्या वयात, आजारी असताना आणि सुटका कधी होईल याची काही खात्री नसताना बा धडा गिरवत होत्या.

आमच्या गटात एक मावशी अजून अंगठा देतात. "आता गोवऱ्या मसणात गेल्या, आता काय शिकायचं," असं त्या नेहमी म्हणतात. त्या दिवशी तिथून बाकीच्या पुढे गेल्या, तरी मावशी मागेच थांबल्या होत्या. कुणी काही बोललं नाही.

बा त्या महालातून जिवंत बाहेर पडल्या नाहीत. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, गांधीजींच्या मांडीवर त्यांनी प्राण सोडला. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली होती. महादेवभाईंना जिथे अग्नी दिला, त्याच्या शेजारीच बांना अग्नी दिला. गांधीजी शेवटपर्यंत चितेजवळ बसून होते. दोन-अडीच महिन्यांनी, ६ मे १९४४ ला, सरकारने त्यांना सोडलं. जाताना बरोबर बा नव्हत्या.

बागेच्या मागच्या अंगाला या दोन समाध्या आहेत. फरशी स्वच्छ आहे, वर झाडांची सावली आहे. गांधीजींच्या अस्थींचा काही भागही तिथे ठेवला आहे. आम्ही चपला काढून बसलो. एकीने पिशवीतून दोन शेवंतीची फुलं काढली. आळंदीला माउलींना वाहायला घेतली होती त्यातलीच.

बा गेल्यावर त्यांच्या नावाने देशभर निधी गोळा झाला. एक कोटी रुपयांपेक्षा जास्त रक्कम जमली, तीही त्या काळात. गांधीजींनी सांगितलं, हा पैसा खेड्यातल्या बायकांसाठी आणि मुलांसाठीच वापरायचा. त्यातून कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट उभा राहिला. गावोगावच्या बायकांना ग्रामसेविका म्हणून शिकवून तयार केलं. बाळंतपण, आरोग्य, बालवाडी, सूतकताई अशी कामं त्या खेड्यात जाऊन करू लागल्या. आज आशाताई, अंगणवाडीताई आपल्या दारात येतात. त्या सरकारी योजनांमधून आल्या, हे खरं. पण खेड्यातल्या बाईनेच शिकून खेड्यातल्या बाईची सेवा करायची, ही वाट ज्यांनी आधी मळली, त्यांत या ग्रामसेविका होत्या.

पुढे १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथ्या आगाखानांनी हा महाल देशाला देऊन टाकला. दुष्काळात ज्यांच्या पणजीने तिथे पाटी वाहिली असेल, तिची पणती आज तिकीट काढून पुढच्या दाराने आत जाते. बैठकीतल्या प्रश्नाचं आमचं उत्तर हेच आहे. राजाची श्रीमंती बघायला तिथे जायचं नाही. आपल्यासारख्यांचं त्या जागेत काय काय गेलंय, ते बघायला जायचं.

तुमचा गट जाणार असेल तर चार गोष्टी सांगतो. निघण्याआधी उघडण्याची वेळ आणि तिकीट विचारून घ्या. सकाळी लवकर पोचा, बाग मोठी आहे, ऊन लागतं. पाण्याच्या बाटल्या बरोबर घ्या आणि कचरा पिशवीतूनच परत आणा. घाईने फोटो काढून निघू नका. समाधीपाशी दहा मिनिटं तरी बसा. आणि गटात कुणी दुष्काळी कामावर गेलेली आजी असेल, तर तिला नक्की बरोबर न्या. महाल कसा बांधला असेल, ते तिच्याइतकं चांगलं कुणीच सांगणार नाही.

आणि हो, त्या मावशी. पुढच्या बैठकीला त्यांनी सचिवताईंना विचारलं, "रजिस्टरात माझं नाव कुठं लिहिलंय, दाखव बरं." दोन अक्षरं गिरवून झाली आहेत. तिसरं जोडाक्षर आहे, तिथे गाडी अडली आहे. पण पाटी घरी नेली आहे.

तुमच्या गटात असं कुणी शिकायला बसलं असेल, तर आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या गप्पांमध्ये. नमस्कार.