माऊस ऐकत नाही, तेव्हा

हातातलं काम ठेवून घडीभर बसा, आणि जमलं तर वही-पेन जवळ घ्या. आज एक-दोन गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

दिंडोरी तालुक्यात एका बचत गटाच्या सचिव ताई आहेत. बारा वर्षं गटाचा हिशेब त्यांच्या वहीत. कुणाची बचत किती, अंतर्गत कर्ज कुणाला, व्याज किती झालं, बैठकीला उशिरा आल्याचा दंड कुणाकडून यायचा, सगळं. एका रुपयाची तफावत कधी निघाली नाही. मग गटाने कॉम्प्युटर घेतला, हिशेब एक्सेलमध्ये ठेवायचं ठरलं, आणि तिसऱ्याच बैठकीत ताई म्हणाल्या, "मला नाही जमत हे. कुणाच्या तरी पोराकडे द्या."

तसंच झालं. एका सदस्येचा मुलगा कॉलेजात आहे, त्याच्याकडे काम गेलं. पोरगा गुणी आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण गटाचा हिशेब तो गावात असेल तेव्हाच दिसायला लागला. माझे हप्ते किती राहिले, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, 'शनिवारी तो येईल, तेव्हा बघू.' पैसा बायकांचा आणि त्याची माहिती बैठकीच्या बाहेर! आम्हाला हे खटकलं, म्हणून गेलो.

शिकवायला बसलो नाही. ताईंच्या शेजारी बसून नुसता त्यांचा हात पाहिला. द्राक्षाची ऑक्टोबरची गोडी छाटणी नुकतीच उरकलेली. दिवसभर कात्री चालवून बोटं ताठरलेली, अंगठ्याच्या मुळाशी घट्टे. फाईल उघडायची तर माऊसचं बटन लागोपाठ दोनदा दाबावं लागतं, त्यालाच डबल-क्लिक म्हणतात. ताई एकदा दाबायच्या, बोट उचलायच्या, मग पुन्हा दाबायच्या. विंडोजमध्ये या दोन दाबांसाठी मुळात अर्ध्या सेकंदाची मुदत असते. ती टळली की कॉम्प्युटर समजतो, बाईंनी दोन वेगवेगळ्या वेळा दाबलं. मग फाईल उघडत नाही. कधी कधी तर नावाभोवती चौकट येते आणि नाव बदलायची तयारी होते. असं झालं तर एस्केपचं बटन दाबा, सुटका होते.

आणखी एक घोळ होता. दाबताना ताईंचा माऊस जरा सरकायचा. बटन दाबलेलं असताना माऊस सरकला की फाईलही त्याच्यासोबत ओढली जाते. हिशेबाची फाईल अशी दोनदा शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडली होती, आणि 'ताईंनी फाईल उडवली' असा बोभाटा झाला होता. उडाली नव्हती, शेजारी गेली होती. तुमच्याकडे असं झालं, तर दुसरं काही करण्याआधी कंट्रोल आणि झेड ही बटनं एकत्र दाबा. फाईल जागेवर परत येते.

आता वही उघडा. माऊसच नीट चालत नसताना माऊसनेच सेटिंग उघडायला सांगणं म्हणजे पाय मुरगळलेल्या बाईला औषध आणायला तालुक्याला पाठवण्यासारखं. म्हणून आपण कीबोर्डने जाऊ. खिडकीचं चित्र असलेलं बटन आणि इंग्रजी आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात एम, ए, आय, एन, मग टिंब, मग सी, पी, एल अशी इंग्रजी अक्षरं मधे जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. विंडोज जुनं असो की नवं, माऊसच्या सेटिंगची पाटी समोर येते. तिच्यात 'डबल-क्लिक स्पीड' म्हणून एक पट्टी असते. टॅबचं बटन दाबत त्या पट्टीवर जा आणि डाव्या बाणाने ती 'स्लो'कडे न्या. शेजारी फोल्डरचं एक चित्र असतं. त्याच्यावर आपल्या चालीने दोनदा दाबून बघा. फोल्डर उघडलं, तर ती चाल कॉम्प्युटरला मान्य झाली. मग एंटर दाबून बाहेर या.

ताईंनी पट्टी पार डावीकडे नेली. फोल्डर उघडलं. ताई आमच्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे माझा हात बिघडलेला नव्हता?"

हात कशाला बिघडेल! कारखान्यातून यंत्र येतं ते कुणा एका मधल्या हाताच्या मापाने बसवलेलं. शिलाई मशीन आणलं की आपण टाक्याची लांबी आणि धाग्याचा ताण आपल्या कापडाप्रमाणे बदलतोच ना? मग माऊसला हात जोडायचं काय कारण?

ज्यांना इतकं करूनही डबल-क्लिक जमत नाही, त्यांनी करूच नये. फाईलवर एकदा दाबा आणि कीबोर्डवर एंटर दाबा. काम तेच होतं. आमच्यातल्या दोघी कायम असंच करतात, आणि शाळेतली परीक्षा द्यायची नसेल तर यात कमीपणा नाही.

जाता जाता सांगतो, हा माऊस आला कुठून. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांना ही कल्पना सुचली आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी 1964 साली पहिला माऊस तयार केला. तो लाकडी ठोकळा होता. खाली दोन चाकं, एक उभ्या चालीचं आणि एक आडव्या. वायर शेपटीसारखी दिसायची म्हणून उंदराचं नाव पडलं. 9 डिसेंबर 1968 रोजी एंगेलबार्ट यांनी तो सॅन फ्रान्सिस्कोत लोकांसमोर चालवून दाखवला. आपल्याकडे उंदीर गणपतीला वाहून नेतो, तो काही एका हुकमात वळत नसणारच.

आता डावखुऱ्यांची गोष्ट. चांदवडकडच्या एका गटात एक सून डावखुरी आहे. लहानपणी डाव्या हाताने जेवली म्हणून तिने पाटावर फटके खाल्लेले. कॉम्प्युटरला माऊस उजवीकडे ठेवलेला पाहून ती मुकाट्याने उजवा हात वापरायची, आणि बाण कुठल्या कुठे जायचा. तिला आम्ही माऊस उचलून डावीकडे ठेवायला सांगितला. मघाच्याच पाटीत सगळ्यात वर एक चौकोन असतो, 'स्विच' या शब्दाने सुरू होणारा. त्यात खूण केली की दोन बटनांची कामं अदलाबदल होतात आणि मुख्य बटन डाव्या हाताच्या तर्जनीखाली येतं. मात्र खूण केल्या क्षणापासून बदल लागू होतो. पुढचं बटन जुन्या सवयीने दाबलं की भलतीच यादी उघडते आणि सगळ्या हसतात. उजव्या मनगटाला कळ लागते अशा बायकांनीही काही दिवस हा उपाय करून बघावा.

बाणाचा वेग हा दुसरा तंटा. पाटीवर कंट्रोल आणि टॅब एकत्र दाबत गेलं की 'पॉइंटर ऑप्शन्स' येतं, तिथे वेगाची पट्टी आहे. नव्याने शिकणारीने वेग कमी ठेवावा, असं आमचं मत. त्याच ठिकाणी 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' अशी खूण असते. ती असली की हात झटकन हलवल्यावर बाण लांब पळतो आणि हळू हलवल्यावर बारीक सरकतो. काहींना ती सोयीची वाटते, काहींचा गोंधळ होतो. दोन्ही करून बघा. तिथेच खाली कंट्रोलचं बटन दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळ दिसावं, अशीही सोय आहे. चाळिशी लागलेल्यांना ती फार उपयोगी. 'बाण कुठे गेला गं?' हे विचारणं बंद होतं.

वेग कमी केला की हात टेबलाच्या कडेला पोचतो आणि बाण अजून अर्ध्या वाटेवर असतो. एक आजी तिथेच थांबून राहिल्या होत्या. माऊस उचलून पुन्हा मधे ठेवायचा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. उचलला तरी बाण जिथल्या तिथे राहतो.

कॉम्प्युटर सगळ्यांचा असेल, तर प्रत्येकीचं वेगळं खातं उघडून घ्या. माऊसचं हे माप ज्या त्या खात्यापुरतं राहतं. नाहीतर एकीने डावा केला आणि दुसरी भांडायला उठली, असं होतं. दुसऱ्याच्या केंद्रावर बसला असाल, तर विचारून बदला आणि उठताना पूर्ववत करा.

सेटिंग बरोबर असूनही बाण अडखळत असेल, तर माऊस उलटा करून बघा. खाली लाल दिवा दिसेल. काही माऊसचा दिवा डोळ्यांना दिसत नाही. त्या उजेडात एक इवलासा कॅमेरा टेबलाची चित्रं भराभर काढतो आणि आधीच्या चित्राशी ताडून हात किती सरकला ते ठरवतो. म्हणून टेबलावर काच असली की तो फसतो, कारण काचेत ताडून बघायला काही नसतं. खाली वही ठेवा. त्या भोकात केस किंवा कापसाचा धागा अडकलेला असतो, तो काढा. वायरचा असेल तर पिन काढून दुसऱ्या खाचेत लावा. बिनवायरचा असेल तर खालचं बटन चालू आहे का बघा आणि सेल बदला.

लॅपटॉपवर टाईप करताना बाण आपोआप उडत असेल, तर बहुतेक वेळा तळहात खालच्या स्पर्शपट्टीला लागत असतो. माऊस जोडलेला असताना ती पट्टी बंद ठेवायची सोय 'टचपॅड'च्या सेटिंगमध्ये असते.

आणि एकदाच दाबलं तरी दोनदा दाबल्यासारखं होत असेल, तर बटनाच्या आतला खटका झिजला आहे. तो माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून खात्री करा. तिथेही तसंच झालं तर नवा घ्या. वायरचा साधा माऊस पुरतो. दुकानात हातात धरून बघा, दोन्ही बटनं दाबून बघा, आणि डावखुऱ्या असाल तर एका बाजूला वाकडा केलेला घेऊ नका.