चंद्रोदयापर्यंत आणि त्यानंतर
(उपास आणि शरीर : लेखांक ४)

संकष्टीला लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घ्यायचं आणि दुपारी जुन्नरला उतरून साबुदाण्याची खिचडी खायची, ही आपल्याकडची रीत. त्याने उपास मोडत नाही. पण चरबीच्या लेखी तो सुरूच झालेला नसतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ते पोटात गेलं की रक्तातली साखर चढते, मागोमाग इन्सुलिन चढतं, आणि इन्सुलिन चढलेलं असेपर्यंत चरबी जागची हलत नाही.

हीच संकष्टी आदल्या रात्रीच्या जेवणापासून चंद्रोदयापर्यंत नुसत्या पाण्यावर काढली, तर साधारण चोवीस तास भरतात. तेवढ्यात यकृतातलं शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन बरंचसं संपतं. ही घरातली कणगी. चरबी म्हणजे जमिनीतलं पेव. कणगी तळाला गेली की इन्सुलिन उतरतं, पेव उघडतं, स्निग्धाम्लं रक्तात येतात आणि यकृत त्यांतल्या काहींचे कीटोन बनवतं.

स्थूल माणसाचं पेव मोठं, पण उघडायला जड. त्याचं इन्सुलिन बहुधा मुळातच चढं असतं, त्यामुळे कीटोन सडपातळ माणसापेक्षा उशिरा वाढतात. किलोमागे चरबीही कमीच सुटते. मात्र साठाच एवढा की एकूण पुरवठा भरपूर होतो. म्हणूनच लांबलेल्या उपासात त्याच्या स्नायूंमधली प्रथिनं तुलनेने कमी खर्ची पडतात.

मला सर्वांत नवल वाटतं ते मेंदूचं. तो ग्लुकोजवरच चालतो, असा समज होता. १९६७ साली ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या तीन स्थूल रुग्णांच्या मेंदूकडे जाणारं आणि तिथून परतणारं रक्त तपासलं. त्यांचा मेंदू मुख्यतः कीटोनवर चालला होता!

मंचर, नारायणगावच्या पेठांमधली जैन कुटुंबं पर्युषणात आठ दिवसांची अठ्ठाई करतात. कुणी महिन्याचं मासखमणही. दिवसा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. त्यांचं शरीर याच वाटेने जातं. मात्र पहिल्या आठवड्यात काटा जो भराभर उतरतो, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. ती सगळी चरबी नव्हे. वजन उतरवायला म्हणून असा उपास कुणी मनाने करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसाचाही नको, हे मी हात जोडून सांगतो.

आणि पारणं सांभाळा. मुगाचं पाणी घोटाघोटाने देतात, ते बरंच आहे. कित्येक दिवस खाली असलेलं इन्सुलिन भरल्या ताटाने एकदम उसळलं, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धात उपासमारीतून सुटलेली कितीतरी माणसं पोटभर जेवल्यावर दगावली, ती अशीच. त्यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.