बारा वर्षांच्या वाचकाचं कपाट

सार्वजनिक वाचनालयात मोठ्यांसाठी घेतलेली कादंबरी तीस-चाळीस वर्षं सहज चालते. पंचविशीत ती वाचलेला माणूस पन्नाशीत पुन्हा मागतो, आणि मधल्या काळात नवे सभासद येतच राहतात. मुलांच्या कपाटाचा हिशेब निराळा आहे. सातव्या वर्षी चित्रांच्या पुस्तकात रमणारी मुलगी नवव्या वर्षी त्या पुस्तकाकडे ढुंकूनही पाहत नाही. अकराव्या वर्षी तिला साहसकथा हव्या असतात, तेराव्या वर्षी आपल्यासारखंच घुसमटणारं, भांडणारं, प्रश्न विचारणारं कुणीतरी गोष्टीत भेटायला हवं असतं. सात ते पंधरा या काळात एकच सभासद निदान चार वेगवेगळे वाचक होऊन वाचनालयात येतो. आठवड्याला एक पुस्तक नेणारं मूल वर्षाला पन्नास पुस्तकं वाचून संपवतं. बालविभागात दोनशे पुस्तकं असली आणि त्यातली पन्नास त्याच्या वयाची असली, तर वर्षभरात त्याच्यासाठी तिथे काही उरत नाही. म्हणूनच वाचनालयात सगळ्यात नियमित खरेदी बालविभागासाठी व्हायला हवी. बहुतेक ठिकाणी होतं नेमकं उलट: मोठ्यांच्या कादंबऱ्या, चरित्रं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन झाल्यावर जे उरेल ते मुलांच्या वाट्याला येतं.

ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हा त्यातला दुसरा; ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हा पाचवा. बालविभागात हे दोन सिद्धांत एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. वाचकच दर दोन वर्षांनी बदलत असेल, तर संग्रह वाढल्याशिवाय त्याला त्याचं पुस्तक मिळणार कसं? वाढ म्हणजे नुसती भर नव्हे. पानं सुटलेल्या, बारीक टायपातल्या, कुणीही नेत नसलेल्या पुस्तकांचं वेळच्या वेळी निर्लेखनही झालं पाहिजे. दाखल नोंदवहीतला आकडा मोठा दिसावा म्हणून ती फळीवर ठेवली, की मुलांना कपाट भरलेलं दिसतं आणि हाताला काहीच लागत नाही. दोन-तीनदा असं झालं की मूल यायचं थांबतं, आणि आपण म्हणतो, हल्ली मुलं वाचत नाहीत.

यावर पहिला आक्षेप जुन्या पुस्तकांच्या प्रेमातून येतो. साने गुरुजी आहेत, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, मग नव्याचा अट्टहास कशाला? हे प्रेम खरं आहे आणि ही पुस्तकं कपाटात असायलाच हवीत. फाटली तर त्यांची नवी प्रत आधी घ्यावी. पण भागवतांनी स्वतः काय केलं, तेही पाहावं. मराठी मुलांना जे मिळत नव्हतं ते त्यांनी आणलं. ज्यूल व्हर्न मराठीत आणला, ‘बालमित्र’ मासिक चालवलं, पुण्याच्या शाळेतला एक काटकुळा, सायकलवर भटकणारा मुलगा नायक म्हणून उभा केला. त्या काळच्या वाचनालयांनी जुन्या नीतिकथाच पुरेत असं ठरवलं असतं, तर फास्टर फेणे मुलांपर्यंत पोचलाच नसता. शिवाय आजच्या सातवीतल्या मुलीला तिच्या अवतीभवतीचं जगही पुस्तकात दिसायला हवं: शहरातली चाळ पडून उभी राहिलेली इमारत, ऊसतोडीला गेलेले आईबाप, मोबाइल, आईची नोकरी, वेगळ्या धर्माची मैत्रीण. हे सगळं १९३५ सालच्या ‘श्यामची आई’कडे मागणं त्या पुस्तकावरही अन्याय करणारं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मराठीत या वयासाठी चांगलं नवं काही येतच नाही, असं म्हणतात. लहानांच्या बाबतीत हे आता खरं नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिकांतली पुस्तकं रोजच्या घरातल्या साध्या घटनांना किती मान देतात, ते उघडून पाहावं. चित्र आणि मजकूर एकाच हातून आल्याचा फायदा तिथे पानोपानी दिसतो. प्रथम बुक्स, तूलिका, एकलव्य, नॅशनल बुक ट्रस्ट यांनी मराठीतही चित्रपुस्तकं आणली आहेत. खरी टंचाई आहे ती अकरा ते पंधराच्या टप्प्यात, ज्याला आपण कुमारवाचक म्हणतो. तरीही तिथे शून्य नाही. साहित्य अकादमीने बालसाहित्य पुरस्कार २०१० मध्ये सुरू केला, आणि त्याची मराठी यादीच खरेदीला सुरुवात म्हणून पुरेशी आहे. अनिल अवचटांचं ‘सृष्टीत... गोष्टीत’, दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’, ल. म. कडूंचं ‘खारीच्या वाटा’, सलीम सरदार मुल्लांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’, संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, आणि २०२४ साली गौरवलेली भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ ही त्यातली काही. साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला कथाकार मुलांसाठी भुताच्या बंगल्याची गोष्ट लिहितो, हे मला फार मोलाचं वाटतं. अनुवादही आहेत. तेत्सुको कुरोयानागी यांच्या ‘तोत्तोचान’चा चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला अनुवाद मराठी घरांत मूळचा मराठीच असल्यासारखा रुळला आहे.

यापुढचा टप्पा वाचनालयांच्याच हातात आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार प्रतींची निघते आणि ती संपायला वर्षं लागतात. कुमारांसाठीची पुस्तकं तर पालक दुकानात जाऊन क्वचितच घेतात, त्यामुळे प्रकाशकही हात आखडता घेतो. राज्यात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली, ‘अ’पासून ‘ड’ वर्गापर्यंतची वाचनालयं दहा हजारांवर आहेत. त्यातल्या दहापैकी एकाने जरी एखाद्या चांगल्या नव्या कुमारकादंबरीची एक प्रत घेतली, तरी अख्खी आवृत्ती संपते. लेखकाला दुसरं पुस्तक लिहायला आणि प्रकाशकाला ते छापायला याहून ठोस कारण लागत नाही. पुस्तकं नाहीत म्हणून खरेदी नाही आणि खरेदी नाही म्हणून पुस्तकं नाहीत, हे चक्र वाचनालयं तोडू शकतात. मात्र त्यासाठी भरघोस सूट मिळते म्हणून पन्नास पुस्तकांचा ठरावीक संच उचलण्याची सवय सोडावी लागेल. त्या संचांत तीच बिरबलाची चातुर्यकथा चार वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली येते.

पैशांचा प्रश्न खोटा नाही. ‘ड’ वर्गाच्या गावातल्या वाचनालयाला मिळणाऱ्या अनुदानात सेवकाचा पगार, वीजबिल आणि वर्तमानपत्रं भागवतानाच ओढाताण होते. पण मुलांची पुस्तकं स्वस्त असतात. मोठ्यांच्या एका जाडजूड कादंबरीच्या किमतीत नॅशनल बुक ट्रस्टची किंवा प्रथमची अनेक पुस्तकं येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं आहे, आणि त्याची वर्गणी कोणत्याही वाचनालयाला परवडेल अशी आहे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या मदतीच्या योजना आहेत. आणि सगळं विकतच घ्यावं लागतं असंही नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात शंभर वर्षांपूर्वीच पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत होत्या. शेजारच्या पाच गावांतल्या वाचनालयांनी प्रत्येकी चाळीस वेगवेगळी पुस्तकं घेऊन दर तीन महिन्यांनी पेट्या बदलल्या, तर चाळीसच्या खर्चात प्रत्येक गावाला सव्वा वर्षात दोनशे नवी पुस्तकं वाचायला मिळतील.

मोबाइलमुळे हे सगळं व्यर्थ आहे, असंही कुणी म्हणेल. केंद्र सरकारने २०२३च्या अर्थसंकल्पात मुलांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जाहीर केलं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा. पण बहुतेक घरांत फोन आईचा किंवा वडिलांचा असतो, तो संध्याकाळी तासभर मिळतो आणि त्या तासाला गोष्टीपेक्षा खेळ जास्त ओढतो. कागदाचं पुस्तक मुलाचं स्वतःचं असतं, निदान आठवडाभर.

याहून अवघड आहे ती भीती. नव्या पुस्तकांत मृत्यू असतो, आईबापांची भांडणं असतात, जात असते, वयात येणं असतं, आणि पालक काय म्हणतील या धास्तीने ग्रंथपाल किंवा शिक्षक ती मागेच ठेवतात. दुसरी भीती हिशेबाची: पुस्तक फाटलं, हरवलं तर भरपाई आपल्याच गळ्यात येईल. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि गोष्टींची पुस्तकं असणं बंधनकारक केलं, तरी कित्येक शाळांत ती कुलपातच राहतात ती याच धास्तीपायी. पहिल्या भीतीवर उपाय म्हणजे पुस्तक आधी मोठ्यांनी वाचणं, वयाप्रमाणे फळी ठरवणं आणि हरकत आली तर पुस्तक न हलवता पालकाशी बोलणं. बारा वर्षांच्या मुलाने आजोबांचा मृत्यू घरात पाहिलेला असतो. त्याबद्दल कुणी नीट लिहिलेलं वाचायला मिळालं तर त्याला बळच मिळतं. दुसऱ्या भीतीवर मात्र नियमच हवा. बालविभागातली ठरावीक टक्के पुस्तकं दरवर्षी फाटणार, हे कार्यकारी मंडळाने ठराव करून मान्य करावं आणि तो खर्च वापराचा धरावा. कारण वर्षानुवर्षं कोरीच राहिलेली प्रत म्हणजे खरं नुकसान.

निवडीच्या बैठकीत दोन-तीन मुलांनाही बसवावं. जिल्हा ग्रंथोत्सवात त्यांना सोबत न्यावं, पुस्तकं चाळू द्यावीत, दहा पुस्तकं त्यांच्या मताने घ्यावीत. ग्रंथखरेदीच्या रकमेतला पाचवा हिस्सा पंधरा वर्षांखालच्या वाचकांसाठी आधी बाजूला काढावा आणि त्यातला निम्मा कुमारांसाठी राखावा. तुम्ही एखाद्या वाचनालयाचे सभासद असाल, तर यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उभं राहून एवढंच विचारा: गेल्या वर्षी मुलांसाठी किती नवी पुस्तकं घेतली, आणि त्यातली किती बारा वर्षांच्या वाचकासाठी होती? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.